एका शब्दाला आठ सामने, एका चाव्याला दहा

युरोपातील मोठे सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू होतात, आणि तरीही मोमिनपुऱ्यात, कामठीत आणि नागपुरातील वसतिगृहांच्या खोल्यांत ते जागून पाहणाऱ्यांची संख्या कमी नाही. या प्रेक्षकांना ऑफसाइड समजावून सांगावा लागत नाही. मात्र एखाद्या खेळाडूने वर्णद्वेषी शब्द उच्चारला किंवा प्रेक्षकांनी माकडाचे आवाज काढले, की त्यानंतर होणारी चौकशी, तिचा निकाल आणि त्या निकालातील शिक्षेचे प्रमाण यांचा अर्थ लावणे जाणकारांनाही जड जाते. उरुग्वेच्या लुईस सुआरेझचेच उदाहरण घेऊ. २ जुलै २०१० रोजी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्याने घानाचा निश्चित गोल हाताने अडवला आणि तो एका सामन्यासाठी बाद झाला. ऑक्टोबर २०११ मध्ये लिव्हरपूलकडून खेळताना मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला उद्देशून त्याने त्याच्या कातडीच्या रंगाचा उल्लेख केला, त्याबद्दल आठ सामन्यांची बंदी आणि ४०,००० पौंड दंड झाला. एप्रिल २०१३ मध्ये चेल्सीच्या इव्हानोविचच्या दंडाला चावल्याबद्दल दहा सामने, आणि २०१४ च्या विश्वचषकात इटलीच्या किएलिनीला चावल्याबद्दल नऊ आंतरराष्ट्रीय सामने व चार महिने फुटबॉलपासून पूर्ण दूर राहण्याची शिक्षा.

हा क्रम पाहिल्यावर चावा घेणे हे वर्णद्वेषी शब्दापेक्षा मोठे पाप आहे का, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर नियमांच्या रचनेत आहे. ती रचना समजून घेण्यासाठी अखिलाडू वर्तन आणि वर्णद्वेष या दोन गोष्टी आधी वेगळ्या कराव्या लागतात, कारण फुटबॉलने स्वतः त्या वेगळ्या करायला फार वेळ लावला.

अखिलाडू वर्तन म्हणजे खेळाच्या आत राहून केलेली लबाडी किंवा मर्यादाभंग. धक्का लागला नसताना कोसळणे, वेळ काढणे, गोल हाताने अडवणे, प्रतिस्पर्ध्याच्या प्रेक्षकांसमोर जाऊन त्यांना चिडवणे, हे सारे त्यात येते. फुटबॉलच्या नियमावलीतील बारावा नियम या सर्वांची किंमत ठरवतो: कुठे पिवळे कार्ड, कुठे लाल, कुठे पेनल्टी. सुआरेझने गोल अडवला तेव्हा पंचाने त्याला लाल कार्ड दाखवले आणि घानाला पेनल्टी दिली. असामोआ ग्यानचा फटका क्रॉसबारवर आदळला आणि पुढे उरुग्वे शूटआउटमध्ये जिंकले, हे घानाचे दुर्दैव होते; पण नियमाने त्याच्या बाजूने देता येईल तेवढे दिले होते. आफ्रिकेतील प्रेक्षकांनी सुआरेझला त्याबद्दल अजून क्षमा केलेली नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. तरीही तो हिशोब खेळाच्या वहीत मांडता येतो, कारण नुकसान एका गोलाचे, फार तर एका सामन्याचे असते.

वर्णद्वेषी शब्दासाठी मात्र या वहीत दीर्घकाळ वेगळा रकानाच नव्हता. बाराव्या नियमात लाल कार्डाच्या कारणांमध्ये अपमानास्पद किंवा शिवराळ भाषा आणि हावभाव यांचा समावेश आहे, आणि पंचाच्या दृष्टीने वर्णद्वेषी शब्द त्याच कारणाखाली येतो. आईबहिणीवरून दिलेली शिवी आणि रंगावरून केलेला अपमान यांना मैदानावर एकच कार्ड आहे. फरक पडतो तो नंतर, शिस्तपालन समितीच्या टेबलावर. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची त्या काळातील पद्धत अशी होती की शिवीगाळीची नेहमीची शिक्षा दोन सामन्यांची, आणि तीत वंशाचा किंवा रंगाचा उल्लेख असेल तर ती दुप्पट धरावी, म्हणजे चार. सुआरेझने तो शब्द एकाच भांडणात पुन्हा पुन्हा वापरल्याचे समितीला आढळले, म्हणून ते चार आठ झाले.

माझ्या मते त्या गुणाकाराच्या मुळाशीच गफलत होती. वर्णद्वेष ही तीव्र शिवी आहे असे मानले तरच तिला दोनने गुणता येते. शिवी कोणालाही देता येते, ती रागाची असते आणि सामना संपल्यावर विरून जाऊ शकते. रंगावरून, वंशावरून किंवा जन्मावरून केलेला अपमान समोरच्याने काय केले याबद्दल काहीच बोलत नाही. तू आमच्या बरोबरीने इथे उभा राहण्याच्या लायकीचा नाहीस, एवढेच तो सांगतो, आणि तो त्या एका खेळाडूपुरता राहत नाही. प्रेक्षागारात बसलेल्या, दूरचित्रवाणीवर सामना पाहणाऱ्या, त्याच रंगाच्या प्रत्येकाला तो लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या नागपुरात लाखो माणसांनी जन्मावरून ठरवलेली पायरी नाकारली, त्या शहरातील वाचकाला हा मुद्दा अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

फुटबॉलच्या मंडळींना हे २०१३ च्या सुमारास उमगले, असे म्हणता येईल. त्या वर्षाच्या आरंभी एका मैत्रीपूर्ण सामन्यात प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी आवाजांमुळे एसी मिलानच्या केव्हिन प्रिन्स बोआटेंगने चेंडू प्रेक्षकांच्या दिशेने भिरकावला आणि तो मैदान सोडून गेला. त्याच्यामागून त्याचा संपूर्ण संघ गेला. त्याच वर्षी युरोपच्या यूईएफए या संघटनेने वर्णद्वेषी वर्तनासाठी खेळाडूला किमान दहा सामन्यांची बंदी असा नियम केला, आणि इंग्लंडने किमान पाच सामन्यांचा. यूईएफएच्या कलमाची भाषाही पाहण्यासारखी आहे. कातडीचा रंग, वंश, धर्म, लिंग इत्यादी कोणत्याही कारणावरून माणसाच्या प्रतिष्ठेचा अवमान करणे, हा तेथे गुन्हा आहे. प्रतिष्ठा हा शब्द आल्यामुळे विषय शिवीच्या खात्यातून बाहेर पडला.

आता पुराव्याकडे वळू, कारण बहुतेक वाद तिथेच होतात. मैदानावर दोन खेळाडू एकमेकांच्या कानाशी काही बोलतात, पंचाला ते ऐकू येत नाही, कॅमेऱ्यात ओठ दिसले तर दिसतात. मग एकाचे म्हणणे खरे आणि दुसऱ्याचे खोटे हे कशावरून ठरवायचे? २०११ मध्येच, सुआरेझच्या प्रकरणानंतर अवघ्या आठवडाभरात, चेल्सीचा कर्णधार जॉन टेरी याच्यावर क्वीन्स पार्क रेंजर्सच्या अँटन फर्डिनंडला वर्णद्वेषी शब्द वापरल्याचा आरोप झाला. टेरीचे म्हणणे असे की तो शब्द फर्डिनंडने आपल्या तोंडी घातला असे त्याला वाटले आणि आपण तो केवळ नाकारण्यासाठी उच्चारला. जुलै २०१२ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. सप्टेंबरमध्ये फुटबॉल संघटनेने त्याच शब्दांसाठी त्याला दोषी ठरवून चार सामन्यांची बंदी घातली आणि २,२०,००० पौंड दंड केला. न्यायालयाने सोडलेल्या माणसाला संघटना कशी शिक्षा करते, असा संताप तेव्हा इंग्लंडमध्ये व्यक्त झाला.

ज्यांच्या घरात कोणी सरकारी नोकरीत आहे त्यांना हे कोडे पडू नये. लाच घेतल्याच्या खटल्यात न्यायालयातून सुटलेला कर्मचारी विभागीय चौकशीत दोषी ठरू शकतो, कारण दोन्ही ठिकाणची पुराव्याची पट्टी वेगळी असते. फौजदारी न्यायालयाला वाजवी शंकेपलीकडची खात्री लागते; माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते, म्हणून ती लागलीच पाहिजे. विभागीय चौकशीत आणि फुटबॉलच्या समितीपुढे, दोन्ही बाजू ऐकल्यावर कोणती अधिक संभवनीय वाटते, एवढे पाहिले जाते. सुआरेझच्या प्रकरणात एव्हराची साक्ष सुसंगत राहिली आणि सुआरेझची चित्रीकरणाशी जुळली नाही, म्हणून समितीने एव्हरावर विश्वास ठेवला. आपल्या देशात तो शब्द लाडाने वापरतात, हा सुआरेझचा बचावही तिने ऐकून घेतला आणि, भांडण चालू असताना लाड कसला, अशा अर्थाचे कारण देऊन नाकारला. सुआरेझ हा वर्णद्वेषी माणूस आहे, असे संघटनेनेही म्हटले नव्हते आणि एव्हरानेही. नियम माणसाच्या मनात डोकावत नाही. तोंडातून काय निघाले आणि कोणत्या प्रसंगात निघाले, ते तपासतो. ‘तो मनाने तसा नाही’ या आपल्याकडे नेहमी ऐकू येणाऱ्या वकिलीचा म्हणूनच समितीपुढे उपयोग होत नाही.

मार्च २०२१ मध्ये ग्लासगो येथे स्लाव्हिया प्रागच्या ओंद्रेय कुडेलाने तोंडावर हात धरून ग्लासगोच्याच रेंजर्स क्लबच्या ग्लेन कामाराच्या कानात काही सांगितले. शिवी दिली पण वर्णद्वेषी नव्हे, असे कुडेला म्हणाला. यूईएफएने त्याला दहा सामन्यांची बंदी केली आणि त्या उन्हाळ्यातील युरो स्पर्धेला त्याला मुकावे लागले. याच निकालाचा दुसरा भाग कमी आठवला जातो. सामन्यानंतर कामाराने कुडेलावर हात उचलला होता, त्याबद्दल कामाराला तीन सामन्यांची बंदी झाली. माझ्या दृष्टीने हा निकाल आदर्श आहे, कारण त्याने दोन हिशोब वेगळे ठेवले. अपमान झाला म्हणून मारणे माफ झाले नाही, आणि मारले म्हणून अपमान सौम्य ठरला नाही.

स्पेनमधील रेयाल माद्रिद क्लबचा कृष्णवर्णीय ब्राझिलियन खेळाडू व्हिनिसियस ज्युनियर याच्याबद्दल चालणाऱ्या चर्चेत नेमकी हीच वेगवेगळी खाती एकमेकांत मिसळली जातात. तो नाचतो, हावभाव करतो, प्रेक्षकांना डिवचतो, मग ते बोलणारच, असे म्हणणारे स्पेनमध्ये आहेत आणि आपल्याकडच्या चहाच्या टपऱ्यांवरही आहेत. तो डिवचत असेल तर त्यासाठी पिवळे कार्ड आहे आणि पंचाने ते जरूर दाखवावे. पण डिवचण्याच्या बदल्यात माणसाला माकड म्हणण्याची परवानगी कोणत्याही नियमात दिलेली नाही, आणि तसा सौदा मनात मान्य करणारा माणूस नकळत त्या शब्दाला पुन्हा साध्या शिवीच्या रांगेत नेऊन बसवतो. २१ मे २०२३ रोजी व्हॅलेन्सियाच्या मेस्टाया मैदानावर व्हिनिसियसने आवाज काढणाऱ्या प्रेक्षकांकडे बोट दाखवून सामना थांबवायला लावला. पुढे त्याच सामन्यात झटापटीसाठी त्याला मिळालेले लाल कार्ड नंतर रद्द झाले. जून २०२४ मध्ये न्यायालयाने तिघा प्रेक्षकांना आठ महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. मैदानावरील वर्णद्वेषी अपमानासाठी स्पेनमध्ये झालेली ती पहिली फौजदारी शिक्षा होती. पहिलाच गुन्हा असल्यास एवढ्या मुदतीसाठी तेथे सहसा प्रत्यक्ष तुरुंगात जावे लागत नाही, पण दोन वर्षे मैदानात येण्याची बंदी मात्र लागू झाली.

प्रेक्षकांच्या बाबतीत अडचण अशी की गुन्हा व्यक्ती करते आणि नियम क्लबला पकडतो. आपल्या पाठीराख्यांच्या वर्तनाला क्लब किंवा राष्ट्रीय संघटना जबाबदार असते, तिने स्वतः काही चूक केली असो वा नसो. कारण व्यावहारिक आहे: यूईएफएचा किंवा फिफाचा अधिकार आपल्या सदस्य संघटनांवर आणि क्लबांवर चालतो, तिकीट काढून आलेल्या माणसावर चालत नाही. म्हणून मग मैदानाचा एक भाग बंद करणे, संपूर्ण सामना रिकाम्या मैदानात खेळवणे, दंड आकारणे, अशा शिक्षा होतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये सोफियात बल्गेरियाविरुद्धच्या सामन्यात इंग्लंडच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना उद्देशून आवाज आणि नाझी पद्धतीचे हावभाव झाले, पहिल्या अर्ध्यात सामना दोनदा थांबवावा लागला. इंग्लंडने तो ६-० असा जिंकला. बल्गेरियाला मिळालेली शिक्षा होती ७५,००० युरो दंड आणि दोन सामने प्रेक्षकांविना, त्यांपैकी एक स्थगित.

दंडाच्या रकमांबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. २०१२ च्या युरो स्पर्धेत डेन्मार्कच्या निकलस बेंटनरने गोल केल्यावर चड्डीवरील एका सट्टा कंपनीचे नाव दाखवले, म्हणून त्याला १,००,००० युरो दंड आणि एका सामन्याची बंदी झाली. त्याच स्पर्धेत पाठीराख्यांनी फटाके फेकणे आणि वर्णद्वेषी घोषणा देणे या दोन्हींसाठी मिळून क्रोएशियाच्या संघटनेला झालेला दंड ८०,००० युरो. प्रायोजकांच्या हक्कावर अतिक्रमण झाले की संघटनेचा हात सैल सुटतो, हे त्या आठवड्यात सगळ्या युरोपने पाहिले. एवढ्याने नियम खोटे ठरत नाहीत, परंतु नियम लावणाऱ्यांना कशाची झळ लागते ते कळते.

सामना चालू असताना पंचाने काय करावे, यासाठी तीन टप्प्यांची पद्धत ठरलेली आहे. प्रथम सामना थांबवून मैदानावर घोषणा करायची. आवाज थांबले नाहीत तर संघांना काही वेळ ड्रेसिंग रूममध्ये पाठवायचे. त्यानंतरही तेच चालू राहिले तर सामना सोडून द्यायचा. २०२४ मध्ये फिफाने यात एका खुणेची भर घातली: खेळाडूने मनगटे एकमेकांवर ठेवून हात आडवे धरले की तो वर्णद्वेषाची तक्रार करत आहे असे पंचाने समजायचे. कागदावर हे सारे चोख आहे. प्रत्यक्षात तिसऱ्या टप्प्यापर्यंत जाणारे पंच विरळा, कारण हजारो प्रेक्षकांना अर्ध्यात घरी पाठवण्याची जबाबदारी, प्रक्षेपणाचे करार आणि सुरक्षेची चिंता त्याच्या डोक्यावर असते. उलट, स्वतःच पाऊल उचलणाऱ्या खेळाडूला शिक्षा होण्याची उदाहरणे आहेत. परवानगीवाचून मैदान सोडणे हा बाराव्या नियमानुसार पिवळ्या कार्डाचा गुन्हा आहे. एप्रिल २०१७ मध्ये इटलीतील काल्यारी येथे पेस्काराच्या सुली मुंतारीने पंचाकडे सामना थांबवण्याची मागणी केली, तर हुज्जत घातली म्हणून त्याला पहिले पिवळे कार्ड मिळाले, आणि तो चालू लागला म्हणून दुसरे. आवाज काढणारे जेमतेम दहाएक होते, या कारणास्तव यजमान क्लब सुरुवातीला सुटला. मुंतारीवरील एका सामन्याची बंदी नंतर मागे घेण्यात आली, ती बरीच टीका झाल्यावर. डिसेंबर २०२० मध्ये पॅरिस येथे तर आक्षेप चौथ्या पंचावरच होता: इस्तंबूलच्या संघाच्या सहायक प्रशिक्षकाची ओळख त्याने रंगावरून सांगितली, तेव्हा दोन्ही संघ एकत्र मैदानाबाहेर पडले आणि उरलेला सामना दुसऱ्या दिवशी वेगळ्या पंचांनी खेळवला. दोन्ही संघ गेले म्हणून कोणालाही पिवळे कार्ड दाखवता आले नाही, हा त्यातला व्यावहारिक धडा खेळाडूंनी नेमका टिपला असावा.

हे सर्व युरोपचे आहे आणि आपला त्याच्याशी संबंध नाही, असे मानण्याची सोय आपल्याला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कोची येथे इंडियन सुपर लीगच्या सलामीच्या सामन्यात केरळ ब्लास्टर्स संघाच्या मेघालयातून आलेल्या बचावपटूसमोर बेंगळुरूच्या खेळाडूने नाक धरून वर्णद्वेषी हावभाव केला, असा जाहीर आक्षेप त्या संघाने घेतला होता. मार्च २०२४ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यातील अरिकोड येथे सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या फुटबॉलच्या, स्पर्धेत खेळणाऱ्या आयव्हरी कोस्टच्या खेळाडूला प्रेक्षकांनी मैदानावर पाठलाग करून मारले; आपल्याला वर्णद्वेषी शब्द वापरल्याची तक्रार त्याने पोलिसांकडे केली.

नागपूरच्या फुटबॉलमध्ये रंगाइतकीच जात आणि वस्तीही बोलते. कामठीचा रब्बानी क्लब किंवा मोमिनपुऱ्याचा यंग मुस्लिम क्लब यांची नावे घेतल्याशिवाय इथल्या फुटबॉलचा इतिहास सांगता येत नाही, आणि विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या झोपडपट्टी फुटबॉलमुळे शहराच्या ज्या वस्त्यांकडे कोणी पाहत नव्हते तिथली मुले मैदानात आली. अशा मैदानांवर सावळ्या मुलाला रंगावरून पाडलेले नाव सहज खपते आणि तो स्वतःही हसून घेतो. पण प्रतिस्पर्धी संघाकडून तेच नाव, किंवा त्याच्या वस्तीचे आणि जातीचे नाव, रागाने फेकले गेले की ते एव्हराच्या प्रकरणाहून वेगळे राहत नाही.

कायदा येथे फुटबॉलच्या नियमांपेक्षा कडक आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणाऱ्या १९८९ च्या कायद्यानुसार, त्या समाजाबाहेरील व्यक्तीने लोकांना दिसेल अशा ठिकाणी जातीवरून हेतुपूर्वक अपमान केल्यास किमान सहा महिने ते पाच वर्षे कैद होऊ शकते, आणि सामना चालू असलेले मैदान हे असे ठिकाण आहे. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० पासून मिळालेला असल्याने हे संरक्षण त्यांनाही आहे. मात्र केवळ रंगावरून किंवा चेहरेपट्टीवरून केलेल्या अपमानासाठी असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या तरुणाचा २०१४ मध्ये मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा नेमलेल्या बेझबरुआ समितीने दंडविधानात तशी कलमे घालण्याची शिफारस केली होती.

पोलिसांपर्यंत जाण्याची गरज प्रत्येक वेळी नसते, पण नोंद मात्र प्रत्येक वेळी व्हावी लागते. खेळाडूने जागच्या जागी कर्णधाराला आणि पंचाला सांगावे, शब्द जसाच्या तसा सांगावा, कोणी ऐकले त्यांची नावे द्यावीत. पंचाने स्वतः ऐकले नसले तरी तक्रार झाली एवढे, मिनिटासह, आपल्या अहवालात लिहावे. हातात चित्रीकरण नसले तरी चालते. सुआरेझ आणि कुडेला या दोघांनाही शब्दांच्या ध्वनिमुद्रणावाचून शिक्षा झाली, आणि दोन्ही ठिकाणी ज्याचा अपमान झाला त्याने ते तत्काळ सांगितले होते. जिल्हा पातळीवरील स्पर्धेच्या आयोजकांनी नियमपत्रिकेत खेळाडूंचे वय, नोंदणी आणि हरकतीचे शुल्क यांच्या जोडीला जात, धर्म, रंग आणि प्रांत यांवरून केलेल्या अपमानाचे एक कलम आणि त्याची किमान शिक्षा छापली, तर पंचाला आपल्या अहवालात नेमके कोणत्या कलमाचे नाव लिहायचे हे कळेल.